पाणी न पिणारी फरशी

१

साळूबाई पाटील पडल्या त्या स्वतः पारखून घेतलेल्या फरशीवर.

वास्तुशांतीचा मांडव अजून उतरला नव्हता. आष्ट्यातल्या त्या नव्या बंगल्याच्या पुढच्या पडवीत, सकाळी तुळशीला पाणी घालून ओल्या पायांनी आत येताना त्यांचा पाय गेला आणि डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बाई हट्टीकट्टी होती, कालपरवा पुरणाची पाटी उचलून नाचत होती, त्यामुळे गावाला हे मरण पचेना. न पचलेल्या मरणाला गाव नेहमी एक माणूस शोधतं. तोही लगेच सापडला. फरशी बसवणारा मल्हार.

“दाखवली खरबरीत आन् बसवली गुळगुळीत,” असं चौकातल्या चहाच्या गाड्यावर ठरलं. साळूबाईंचे मालक सुभेदार आकाराम पाटील, पलटणीतून निवृत्त झालेले, उसाचे बागायतदार. त्यांनी तसं पोलिसात लिहून दिलं. आता पोलीस एका तज्ज्ञाच्या मतासाठी थांबले होते. मत उलटं गेलं की मल्हार आत जाणार होता.

तो तज्ज्ञ म्हणजे क्रांती जगदाळे. साताऱ्याची. तिची उमेदीची वर्षं टाइलच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली होती आणि आता दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची जुंपली की दोघं तिला बोलावत. तिच्या या धंद्याला धड नाव नव्हतं. पोलीस ‘तज्ज्ञ’ म्हणत, गवंडी ‘फरशीवाल्या बाई’ म्हणत आणि तिची आई ‘नसते उद्योग’ म्हणे. आईचं म्हणणं क्रांतीला अलीकडे जास्त पटू लागलं होतं. फुगलेली फरशी, तडकलेली फरशी, डाग न निघणारी फरशी इथवर ठीक होतं. फरशीवर माणूस गेलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

पेठ नाक्याला वळून, उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत ती आष्ट्याला पोचली, तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. पडवी मोकळी होती. राखाडी-काळ्या रंगाची, दगडाचे पदर सुटावेत तशा उंचसखल पोताची फरशी. स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या नकलेत बनवलेली पोर्सिलेन टाइल. नक्कल इतकी बेमालूम होती की क्रांतीनंही एकदा वाकून हात लावला. मग तिनं चपला काढल्या, तांब्याभर पाणी ओतलं आणि त्या पाण्यातून अनवाणी चालली. भरभर चालली. टाच घासून पाहिली, मुद्दाम तोल घालवून पाहिला.

पाऊल जागचं हललं नाही. टाइल ओल्या पायाला धरून ठेवत होती.

ही फरशी कुणाला पाडूच शकत नव्हती.

२

“पाडत न्हाई म्हंता? मला पाडली की!” शेजारचे नानासो कमरेवर हात ठेवून म्हणाले. साळूबाईंची किंकाळी ऐकून शेजाऱ्यांत सगळ्यांत आधी तेच धावत आले होते. “मी पायरी चढलो आन् माजाबी पाय सर्रदिशी गेला. खांब धरला म्हून वाचलो. लोण्यागत लागली बगा पायाला.”

“हाताला काही लागलं का तुमच्या?”

“आवं, रगत लागलं. दुसरं काय बगायला शुद्ध हुती व्हय? खुर्चीत बशिवली, गाडीत घातली. सुभेदार आबा रानात पाण्याला गेलते, त्यास्नी वाटंत चौकातच गाडीत घेतलं. सून तेवडी घरी थांबली.”

म्हणजे त्या दिवशी फरशी निसरडी होती आणि आज नाही. क्रांतीला हे मुळीच आवडलं नाही. टाइल हे काही माणूस नव्हे, सकाळी एक आणि संध्याकाळी एक वागायला.

सुभेदार, म्हणजे घरादाराचे आबा, आत सोफ्यावर बसले होते. पाठ ताठ, दाढी वाढलेली. मुलगा वीरधवल सैन्यातून रजा काढून आला होता आणि तेराव्याच्या सामानाला सांगलीला गेला होता. समोर फोटोला हार होता, आणि आबा तो फोटो सोडून सगळीकडे बघत होते.

“पोरी, तू शिकल्याली हायस. खरं ते लिव,” ते म्हणाले. “दगड लय बेस निवडला हुता. ही आन् सून सांगलीला चार खेपा घालून आल्या. मी म्हनलं, घ्या तुमच्या मनासारका. घरात वावरायचं हिला हुतं. आन् त्या मल्हारनं असा दगड बशिवला की बाईचा जीव घेतला. त्याला मी सोडायचा न्हाई.”

“पण आबा, आज ती फरशी निसरडी नाही.”

“त्येच तर!” आबांचा आवाज चढला. “दुसऱ्या दिशी आलता त्यो. हातात ॲसिडचा कॅन घिऊन. नानासोनं डोळ्यानं बगितलाय. आमी मसणवट्यातनं आलो न्हाई तवर ह्यानं येऊन दगड खरवडून ठिवला. पुरावा मिटवला त्यानं.”

सून अंकिता पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ॲसिडचं नाव निघालं तसा तिच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी तिच्याच पायावर सांडलं. तिनं पुसलंही नाही. क्रांतीकडे बघितलं आणि आत निघून गेली.

३

साळूबाईंनी फरशी घेतली ते विश्रामबागेतलं ऋषिराजचं दुकान म्हणजे काचेचा महालच. एरवी तो गिऱ्हाइकाला कॉफी पाजून मग भाव सांगे. आज त्याला कॉफीची आठवण नव्हती.

“ताई, मल्हारचं नाव मीच सुचवलं होतं. तो आत गेला तर लोक म्हणणार मालच हलका होता. पण खरं सांगतो, ह्या बाईंनी जेवढा छळ केला तेवढा कुणी केला नाही.”

“कसला छळ?”

“निवडण्याचा!” ऋषिराज सांगता सांगता हसला आणि मग आपण हसलो याचं त्यालाच वाईट वाटलं. “पहिल्यांदा आल्या त्या मडकं घ्यायला आल्यासारख्या. टाइल उभी धरायची, बोटानं वाजवायची. बद्द आवाज आला की बाजूला. मग उलटी करून पाठीवर पाणी सोडायचं. एका टाइलनं पाणी शोषलं, तर म्हणाल्या, ‘ही कच्ची हाय, भट्टीतनं लवकर काढलीया.’ मी म्हटलं, मावशी, ती सिरॅमिक आहे, भिंतीची आहे. तर म्हणाल्या, ‘मग भितीला लाव. मला पाणी न पिणारी दे.’”

क्रांतीच्या मनात त्या न पाहिलेल्या बाईविषयी एकदम माया दाटून आली. तिनं आयुष्यभर यंत्रं लावून जे मोजलं ते साळूबाई बोटानं वाजवून बघत होत्या.

“पुढं?”

“पुढं दोन टाइला तोंडाला तोंड लावून बाक बघितला. मग म्हणाल्या खोकी फोडा. सगळ्या टाइला खाली मांडायला लावल्या. एकाच छापाच्या दोन शेजारी आल्या तर खोटं उघडं पडतं म्हणाल्या. शेवटी फरशीवर पाणी टाकून अनवाणी चालल्या आणि सुनेला म्हणाल्या, ‘अंकिता, ही घे. दिसायला पाटी आन् अंगानं कपबशी.’”

“त्या दोघीच होत्या? आबा?”

“ते कधीच आले नाहीत. ऊसतोड चालू होती ना.”

ऋषिराजनं त्याच खेपेतली शिल्लक टाइल काढून दिली. क्रांतीनं ती उलटी केली. पाठीवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब मण्यासारखा बसून राहिला. कानाला लावून वाजवली तर आवाज खणखणीत. कोपऱ्याचा टवका पाहिला, आतली मातीही वरच्याच रंगाची. खोक्यावरचा बॅच नंबर तिनं टिपून घेतला. आष्ट्याला परतून बंगल्याच्या जिन्याखालचं उरलेलं खोकं पाहिलं. बॅच तीच. पडवीच्या कडेला कापलेली टाइल होती तिची कड पाहिली. माती तीच, पोत तोच, बोटाला लागणारा चरा तोच.

फरशी बदललेली नव्हती. ॲसिडनं खरवडलेलीही नव्हती, कारण पोर्सिलेनवर त्या ॲसिडचं काही चालतच नाही. पडवीचा उतारही बाहेरच्या बाजूला होता, हवा तेवढाच.

दुकानदार निर्दोष, माल निर्दोष, काम निर्दोष. एवढं लिहून तिला साताऱ्याला जाता आलं असतं. पण पोलीस विचारणार होते, मग बाई पडली कशी? नानासो कसे घसरले? तिच्याकडे उत्तर नसेल तर आबांचं उत्तर उभंच राहणार होतं, आणि त्या उत्तरात मल्हार होता.

४

मल्हार आष्ट्याच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहत होता. मूळचा आटपाडीकडचा. त्याच्या वडलांनी मेंढरं राखली, ह्यानं फरशी शिकली. दारात त्याची बायको दीपमाला उभी होती. तिनं क्रांतीला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

“काम न्हाई कुटं,” मल्हार म्हणाला. “सुभेदारांनी बोट दावल्यावर गावात कोन उभा करतंय? चालू काम हुतं तितनं बी काडलं.”

“ॲसिडचा कॅन घेऊन का गेलास?”

“सिमिटाचा पांढरा हात ऱ्हायलेला असतुया नव्या फरशीवर. हॉलमदी ऱ्हायला हुता. मावशीनीच सांगितल्यालं, वास्तुशांतीनंतर येऊन काडून दे. मला म्हाईतच न्हाई त्या गेल्याल्या. दारात गेलो आन् कळलं. तसाच मागं फिरलो.”

“पडवीला हात लावलास?”

“न्हाई ताई. पर एक बगितलं. पडवी कुणीतरी घासून धुतल्याली हुती. सांद्यांत धुन्याच्या पावडरीचा फेस वाळल्याला दिसत हुता. मला वाटलं, रगत सांडलं आसंल.”

“रक्त पायरीवर सांडलं होतं,” क्रांती म्हणाली.

मल्हार आपल्या हातांकडे बघत बसला. मग एकदम विचारलं, “ताई, तुमी तपासलं न्हवं? माज्याच हातनं काय चुकलंया का? सुभेदार एवडं म्हंत्यात म्हंजे कायतरी आसंल. मलाबी आता तसंच वाटाय लागलंय.”

क्रांतीला या प्रश्नानं गलबलून आलं. चोरी न केलेल्या माणसाला इतके दिवस चोर म्हणत राहिलं की तो आपलेच खिसे चाचपायला लागतो. तुझं काही चुकलं नाही, असं ती म्हणाली. पण तिच्या शब्दानं त्याचं काम परत येणार नव्हतं, आणि ते दीपमालाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

उठता उठता क्रांतीच्या डोक्यात त्याचा एक शब्द अडकला. सांदे. तिनं दिवसभर टाइल तपासली होती. सांध्यांकडे ती बघायलाच विसरली होती.

५

टाइल काही पीत नाही. पण दोन टाइलांमधला सांधा सिमेंटनं भरलेला असतो, आणि सिमेंट पाहिजे ते पितं.

क्रांती पडवीत उकिडवी बसली. भिंतीकडचे सांधे फिकट राखाडी होते. तुळशीकडून दाराकडे येणाऱ्या वाटेवरचे मात्र काळपट होते. डाग धारेसारखा नव्हता, वरून सांडल्यासारखा नव्हता. कडेनं तो गोलाकार होता, बसून हात फिरवताना जेवढा पोचतो तेवढा. तिनं फिकट सांध्यावर पाण्याचा थेंब सोडला. लगेच मुरला. काळपट सांध्यावर सोडला. थेंब बसून राहिला.

सांधा आधीच तेल पिऊन बसला होता.

आता पुढचं सगळं सरळ होतं. त्या दिवशी या भागाला कुणीतरी तेल चोळलं. ते टाइलवर तसंच राहिलं. साळूबाई ओल्या पायांनी आल्या आणि गेल्या. नानासो घसरले. मग कुणीतरी पावडरीनं टाइल घासून काढली, पण सांध्यातलं तेल त्याला काढता आलं नाही. सगळे दवाखान्यात असताना घरात एकच माणूस होतं.

“अंकिता,” क्रांतीनं हाक मारली, “पडवी तू धुतलीस.”

अंकिता दारात उभी होती. बहुतेक बराच वेळ उभी असावी. तिनं मान हलवली.

“तेल कुणी लावलं?”

“मी,” ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. “मीच लावलं. चमकावी म्हणून. तसं लिहा तुम्ही.”

“तू दुकानात सासूबाईंच्या शेजारी उभी होतीस. ही टाइल आहे, कपबशीच्या जातीची, हे तुझ्यासमोर ठरलं. कपबशीला कुणी तेल लावतं का? आपल्याकडे तेल कशाला लावतात?”

अंकितानं मागं वळून घरात पाहिलं.

“कडाप्प्याला,” क्रांतीच बोलली. “ओट्याच्या कडाप्प्याला तेल चोळलं की तो काळाभोर होतो. दगड तेल पितो आणि वर काही उरत नाही, म्हणून कुणी घसरत नाही. म्हणजे तेल लावणाऱ्याला हा दगडच वाटत होता. ऋषिराज ह्याला टाइल म्हणतो. मल्हार फरशी म्हणतो. तुझ्या सासूबाई कपबशी म्हणाल्या. सबंध प्रकरणात ह्याला दगड म्हणणारं माणूस मला एकच भेटलं.”

तिनं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. अंकिता खांबाला धरून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली, आत आवाज जाऊ नये म्हणून.

“आत्यांना फरशी पांढुरकी वाटायची,” ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणत असे. “वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांसमोर बोलल्या, पाटीसारखी घेतली पर पाटीसारखी काळी दिसंना. एवढंच बोलल्या. आबांनी ते मनात धरलं. पहाटे उठून चोळलं आणि रानात गेले. आम्हा कुणाला माहीत नाही. आत्या पडल्या तेव्हा मी धावले. त्या शुद्धीवर होत्या. त्यांनी हात फरशीवरून फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि हसल्या. हो, हसल्या ताई. म्हणाल्या, ‘ह्यांनी लावलंय खुळ्यानं. तू फरशी धू. ह्यांस्नी सांगू नगंस.’ मग नानासोकाका आले. त्यानंतर आत्या काही बोलल्याच नाहीत.”

“आणि मल्हार?”

“मला वाटलं, फरशी चांगली निघाली की तो आपोआप सुटेल. म्हणून तर तुम्ही यावं असं मला वाटत होतं.” तिनं डोळे पुसले. “मी काय करू? जाणाऱ्या माणसाला शब्द दिलाय. आणि आबांना कळलं तर ते जगतील का?”

टाइल पक्की आहे की कच्ची, हे क्रांती सांगू शकत होती. इथं तर सगळं पक्कंच होतं. भट्टी पक्की, माल पक्का, काम पक्कं, आबांची माया पक्की आणि मरणाऱ्या बाईचा शब्दही पक्का. यातलं काय फोडायचं ते तिला ठरवता येईना. आबांचं नाव गाळून, ‘अज्ञात व्यक्तीनं तेल लावलं’ असं लिहिता येईल का, याचा तिनं खरंच विचार केला. मग पोलीस अज्ञात व्यक्ती शोधणार, आणि त्यांच्या हाताशी एकच ज्ञात व्यक्ती होती, ॲसिडचा कॅन घेऊन आलेली.

आतून कुणाचीतरी पावलं वाजली.

६

आबा बाहेर आले ते तेलाची वाटी आणि जुन्या धोतराचं फडकं घेऊन. त्या दोघींकडे पाहून ते थोडे ओशाळले.

“उद्या सुतक फिटतंय,” ते म्हणाले. “चार मानसं येत्याल. हिला काळाभोर दगड पायजे हुता. मी त्या दिशी अर्दाच केल्ता, तवर पाण्याची पाळी आली म्हून रानात गेलो. आता समदा करतो. तिचं तेवडं तरी ऱ्हाऊ ने.”

ते मांडी घालून बसले. वाटीत फडकं बुडवलं आणि दारासमोरच्या टाइलवर गोल गोल हात फिरवायला सुरुवात केली. शिस्तीचा हात होता, एक कोपरा सुटत नव्हता. टाइल खरोखरच काळीभोर दिसू लागली. अंकिता क्रांतीकडे बघत होती आणि क्रांती त्या चमकणाऱ्या टाइलकडे. तेराव्याला म्हातारी माणसं येणार होती. उंबऱ्यावर पाय धुऊन, ओल्या पायांनी आत येणार होती.

“आबा, थांबा,” क्रांती म्हणाली. “तेल नका लावू.”

“का गं?”

तिला वाटलं, अंकिता बोलेल. अंकितानं डोळे मिटून घेतले होते.

“हा दगड नाही.”

“मग काय हाय?”

“टाइल आहे. भट्टीत भाजलेली माती. कपबशी असते ना, तसली. ती काहीच पीत नाही. पाणी नाही आणि तेलही नाही.”

आबांचा हात थांबला. त्यांनी टाइलवर बोट टेकवलं आणि उचलून बघितलं. मग अंगठ्यावर चोळून बघितलं.

“म्हंजे वर लावल्यालं वरच ऱ्हातंय.”

“हो.”

“त्या दिशी बी वरच ऱ्हायलं आसंल.”

आबा पलटणीत माणसं गेलेली पाहिलेला माणूस. ते ओरडले नाहीत, छाती पिटली नाही. फक्त फार वेळ तुळशीकडून दाराकडे येणाऱ्या वाटेकडे बघत राहिले.

“तिला कळलं हुतं?” त्यांनी विचारलं.

“कळलं होतं, आबा,” अंकिता म्हणाली.

“मग काय म्हनली?”

“तुम्हाला सांगू नको म्हणाल्या.”

“रागावली न्हाई?”

“नाही. हसल्या.”

आबांनी मान खाली घातली. मग क्रांतीला म्हणाले, “पोरी, लिव. सुभेदार आकाराम पाटलानं तेल लावलं, आसं लिव. सही मी करतो. आन् अंकिता, त्या मल्हारला फोन लाव. त्याला म्हनावं... काय म्हनावं त्याला?”

अंकितानं फोन काढला आणि नुसताच हातात धरला.

आबांनी फडक्याची कोरडी बाजू वर केली आणि लावलेलं तेल पुसायला लागले. तेल निघेना. ते इथून तिथे सरकत होतं आणि कोरड्या टाइलवरही पसरत होतं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला. तोही तेलकट झाला, तेव्हा सदऱ्याच्या बाहीनं पुसायला लागले.

“आबा, असं नाही जायचं ते,” क्रांती म्हणाली. “गरम पाणी लागेल. साबण लागेल. उठा तुम्ही.”

त्यांनी ऐकलं नाही. ते गुडघ्यांवर टेकून, दोन्ही हातांनी पुसतच राहिले.